समुद्रातलं स्थळ पाहताना

सोयाबीन फुलोऱ्यात आलं की मराठवाड्यातल्या सोनपेठ, गंगाखेड, पाथरीच्या शिवारांत फवारणीचे पंप पाठीवर चढतात. पंपात कीटकनाशक असतं, विद्राव्य खत असतं आणि अलीकडच्या वर्षांत बऱ्याचदा एक काळपट-तपकिरी द्रवही असतो. कृषी सेवा केंद्रात शेतकरी तो ‘सी-वीड’ म्हणूनच मागतात. इफकोची ‘सागरिका’ त्यांपैकी बरीच ओळखीची. लाल आणि तपकिरी समुद्री शेवाळाचा २८ टक्के अर्क, असं तिचं वर्णन. २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणलं आणि शेवाळाचा अर्क शेतीच्या कायद्याच्या पुस्तकातही दाखल झाला.

आता नकाशा उघडावा. सोनपेठवर बोट ठेवून पश्चिमेला सरळ आडवी रेघ ओढली, तर ती मुंबईच्या आसपास समुद्राला भिडते. दोन्ही ठिकाणं १९ व्या अक्षांशाच्या जवळच आहेत. मधलं अंतर साडेतीनशे किलोमीटरहून जास्त. पण सोनपेठच्या शिवारात पडलेलं पाणी त्या दिशेने जात नाही. ते गोदावरीला मिळून पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जातं. बाटलीतलं लाल शेवाळही प्रामुख्याने पूर्वेकडूनच येत आलं आहे, तामिळनाडूच्या रामनाथपुरम किनाऱ्यावरून. महाराष्ट्राला स्वतःचा एवढा मोठा किनारा असताना मराठवाड्यातल्या सोयाबीनसाठी शेवाळ रामेश्वरजवळून का यावं?

या प्रश्नाचं उत्तर बाजारात किंवा सरकारी योजनांत शोधण्याआधी पाण्यात शोधावं लागतं. शेवाळाची शेती कोकणात होऊ शकते का, यापेक्षा ती नेमकी कुठे होऊ शकते हे विचारणं महत्त्वाचं. आणि ‘कुठे’ हा प्रश्न आला की नकाशा आलाच.

आधी पिकाची थोडी ओळख. भारतात ज्याची व्यापारी लागवड होते ते शेवाळ म्हणजे ‘कप्पाफायकस अल्वारेझी’. ते मूळचं फिलिपिन्सच्या समुद्रातलं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८४ च्या सुमारास ते भारतात आणलं, सौराष्ट्रातल्या ओखा इथे रुळवलं, मग तामिळनाडूत मंडपमला प्रयोग केले. २००० च्या सुमारास पेप्सिको कंपनीने हे तंत्र परवान्यावर घेतलं आणि पाल्कच्या सामुद्रधुनीलगतच्या गावांत लागवड पसरली. २००८ मध्ये ते काम ॲक्वाॲग्री कंपनीकडे गेलं. या शेवाळातून कॅरेजीनन नावाचा पदार्थ निघतो. आइस्क्रीम घट्ट धरून ठेवायला, टूथपेस्ट एकजीव ठेवायला तो लागतो. ताजं शेवाळ पिळून निघणारा रस पिकांवर फवारला जातो.

लागवडीची रीत पाहिली तर साधी वाटते. बांबूचा साधारण १२ फूट लांब, १२ फूट रुंद तराफा करायचा. त्यावर दोऱ्या ताणायच्या. दोऱ्यांना शेवाळाचे छोटे तुकडे बांधायचे. रामेश्वर भागात हे काम बायका किनाऱ्यावर बसून करतात. एका तराफ्याला सुमारे ६० किलो बियाणं लागतं आणि सगळं जुळून आलं तर ४५ दिवसांत ते चौपटीच्या वर जातं. गोडं पाणी नको, खत नको, नांगरट नको.

सगळं जुळून आलं तर! जमिनीवरच्या पिकाला मूळ असतं. पाणी कमी पडलं तर देता येतं, तण वाढलं तर काढता येतं, जमीन हलकी असली तर शेणखत घालता येतं. शेवाळाला मूळ नाही. ते सगळ्या अंगाने पाणी पितं आणि त्या पाण्यातच जे असेल त्यावर जगतं. समुद्राला कुणी क्षार घालू शकत नाही, त्याची ऊब कमी करू शकत नाही, लाट थांबवू शकत नाही. शेतकऱ्याच्या हातात राहतो तो एकच निर्णय, तराफा कुठे बांधायचा हा.

मराठीत ‘स्थळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि इथे दोन्ही उपयोगी पडतात. घरात मुला-मुलीसाठी स्थळ पाहतात तेव्हा काही गोष्टी अशा असतात की त्या जमल्या नाहीत तर पुढची बोलणीच होत नाहीत. बाकीच्या गोष्टींत थोडं इकडे, थोडं तिकडे चालवून घेतात. एक बाजू उणी असली तर दुसरी भरून काढते. समुद्रातलं स्थळ निवडणारे शास्त्रज्ञ अगदी याच दोन पायऱ्यांनी जातात.

पहिली पायरी चाळणीची. ओहोटीलाही तराफ्याखाली किमान मीटरभर पाणी हवं, नाहीतर शेवाळ तळाला घासून तुटतं. जहाजांच्या मार्गात तराफा नको. संरक्षित सागरी क्षेत्रात, प्रवाळांवर नको. बंदराच्या तोंडाशी, सांडपाण्याच्या नळाजवळ नको. नदीच्या मुखात नको. या बाबतीत अर्धा होकार नसतो. नकाशावरचा प्रत्येक चौकोन एकतर राहतो किंवा पुसला जातो.

दुसरी पायरी वजनाची. उरलेल्या चौकोनांना गुण द्यायचे. पाण्याचं तापमान साधारण २६ ते ३० अंश असेल तर चांगले गुण. क्षारता लिटरला ३० ते ३५ ग्रॅमच्या आसपास असेल तर चांगले गुण. प्रवाह मंद पण वाहता हवा. साचलेल्या पाण्यात शेवाळावर गाळ बसतो, जोराच्या प्रवाहात फांद्या तुटतात. सूर्यप्रकाश दोरीपर्यंत पोहोचायला हवा. किनाऱ्यावर वाळवायला जागा, रस्ता, होडी लागण्याची सोय यांनाही गुण.

जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, हे सगळं एकावर एक ठेवते. संगणकाच्या आधी हे काम पारदर्शक कागदांवर चालायचं. अमेरिकेतल्या इयान मॅकहार्ग या भूदृश्य-रचनाकाराने १९६९ च्या आपल्या पुस्तकात ही पद्धत मांडली. एका कागदावर उतार, दुसऱ्यावर माती, तिसऱ्यावर पूररेषा काढायची, सगळे कागद एकत्र धरून उजेडात पाहायचे आणि सगळ्यांत स्वच्छ दिसणारी जागा निवडायची. मराठवाड्याला ही कल्पना नवी नाही. विहीर कुठे खोदावी हे नारळ किंवा कडुनिंबाची काटकी हातात धरून सांगणारा पाणाड्या प्रत्येक गावात होता, अजूनही आहे. पण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणि नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र खडक, भेगा, नाले आणि उतार यांचे थर एकत्र ठेवून भूजलाचे नकाशे करतात, तेव्हा तीच चाळणी आणि तीच वजनं वापरली जातात. बेसाल्टमधलं पाणी शोधायची रीत समुद्रातलं शेत शोधायलाही चालते.

वजनं ठरवण्यासाठी बहुतेक अभ्यासक टॉमस साटी या गणितज्ञाने १९७० च्या दशकात विकसित केलेली पद्धत वापरतात. त्यात जाणकारांना एका वेळी दोनच गोष्टींची तुलना करायला सांगतात. लाट जास्त महत्त्वाची की क्षारता? किती पट, १ ते ९ मध्ये सांगा. मग क्षारता की गढूळपणा? अशा जोड्यांतून प्रत्येक घटकाचं वजन निघतं आणि उत्तरं एकमेकांशी विसंगत असली तर गणित तेही दाखवून देतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन छोटे उपसागर आहेत, ‘क’ आणि ‘ख’. चार घटकांना शंभरातून वजन दिलं: लाटांपासून आडोसा ४०, क्षारता २५, पाण्याची स्वच्छता २०, गावापासून अंतर १५. ‘क’ला पाचपैकी अनुक्रमे ४, २, ३, ५ गुण मिळाले. ‘ख’ला ३, ५, ४, २. हिशेब केला तर ‘क’ला ३.४५ आणि ‘ख’ला ३.५५ मिळतात. ‘ख’ पुढे. आता एखाद्या जुन्या मच्छीमाराने सांगितलं, “लाटेला तुम्ही कमी लेखताय.” म्हणून लाटेचं वजन ५० केलं, क्षारता २० आणि स्वच्छता १५ वर आणली, अंतर तेवढंच ठेवलं. लगेच ‘क’ ३.६० वर जातो आणि ‘ख’ ३.४० वर उतरतो. पाणी तेच, किनारा तोच, फक्त वजनं हलली आणि निकाल फिरला. रंगीत नकाशावर हिरवा भाग बघून भारावून जाणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब एकदा हाताने करून बघावा. वजनं कुणी ठरवली, त्या खोलीत कोण बसलं होतं, हे विचारल्याशिवाय असा नकाशा स्वीकारू नये.

माहिती कुठून येते? बरीचशी आकाशातून. भारताचा ओशनसॅट मालिकेतला तिसरा उपग्रह नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडला गेला. समुद्राचा रंग पाहून तो पाण्यातल्या हरितद्रव्याचा आणि गाळाचा अंदाज देतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटा, प्रवाह आणि तापमानाचे अंदाज रोज देते. मासे कुठे मिळतील याचे तिचे सल्ले कोकणातल्या कित्येक बंदरांवर पोहोचतात. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटरपर्यंत बारकाईने पाहतात. नौदलाच्या जलसर्वेक्षण विभागाचे, डेहराडूनहून निघणारे सागरी नकाशे खोली सांगतात.

पण उपग्रहाच्या नजरेलाही मर्यादा आहे आणि ती किनाऱ्याजवळच सगळ्यात जास्त जाणवते. तापमान मोजणाऱ्या अनेक उपग्रहांचा एक ठिपका एक किलोमीटरचा असतो. तराफा असतो साडेतीन मीटरचा. एका ठिपक्यात अर्धा कातळ, थोडी वाळू, थोडं पाणी आलं तर आकडा भलताच निघतो. शिवाय उथळ पाण्यात खालची पांढरी वाळू चमकली की उपग्रहाला पाणी गढूळ वाटू शकतं. किनाऱ्याची लांबी किती, यावरच हा बारकाव्याचा खेळ कळतो. महाराष्ट्राचा किनारा शाळेत ७२० किलोमीटर शिकवला जातो. केंद्राच्या जुन्या यादीत तो ६५२ किलोमीटर होता. अलीकडे अधिक बारीक प्रमाणावर मोजला तेव्हा ८७७ किलोमीटर भरला. किनारा होता तेवढाच आहे. मोजपट्टी बारीक झाल्यावर वाकणं आणि खाचा मोजल्या गेल्या. शेवाळाला जागा मिळते ती नेमकी या खाचांमध्येच.

म्हणून शेवटी कुणालातरी होडीत बसून पाण्यात जावंच लागतं. तिथलं एक साधन फार जुनं आणि फार स्वस्त आहे. इटलीतले पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये दोरीला पांढरी तबकडी बांधून समुद्रात सोडली आणि ती किती खोलवर दिसेनाशी होते हे मोजलं. आजही पाण्याची स्वच्छता मोजायला जगभर ‘सेक्की तबकडी’ वापरतात. थाळीएवढी तबकडी, दोरी आणि दोरीवर फुटा-फुटाच्या खुणा. शाळेतली मुलंही ती बनवू शकतात.

आता ही चाळणी कोकणच्या किनाऱ्यावर धरून पाहू.

उत्तरेकडून सुरुवात केली तर पालघर, मुंबई, रायगडचा बराच भाग गाळाच्या पाण्याचा. वैतरणा, उल्हास, सावित्री यांच्या खाड्या, चिखलाचा तळ, मुंबईचं सांडपाणी आणि त्यात भरती-ओहोटीचा मोठा फरक. मुंबईत उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटरनेही वर-खाली होते. एवढ्या चढउतारात तराफ्याचे नांगर-दोर सांभाळणं कठीण आणि ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. शिवाय या पट्ट्यात मासेमारीच्या डोल जाळ्यांच्या ठरलेल्या जागा आहेत. दक्षिणेला येऊ तसा हा फरक कमी होत जातो. मालवण-वेंगुर्ल्याकडे तो जवळपास निम्म्यावर येतो आणि भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, आणखी कमी. पाणी स्वच्छ होतं. कातळ वाढतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खडकांवर नैसर्गिक शेवाळ भरपूर उगवतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या धारगळकर, उंटवाले आणि जगताप या संशोधकांनी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांची पूर्वीची आणि आजची स्थिती तपासणारा अभ्यास प्रसिद्ध केला होता. सार्गासम, उल्वा, कॉलेर्पा अशी किती तरी शेवाळं इथे ओहोटीला उघडी दिसतात. निसर्गाने जिथे शेवाळ वाढवलं आहे तिथे माणसालाही वाढवता येईल, ही शक्यता खरी आहे.

मग अडतं कुठे? पावसात.

जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे लागले की कोकणच्या समुद्राचं रूप बदलतं. तीन-चार मीटरच्या लाटा सरळ किनाऱ्यावर येतात. यांत्रिक होड्यांची मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद असते. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत सह्याद्रीवरून धावत खाली येतो आणि वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, वाघोटण, गड, कर्ली या नद्या लाल मातीचं गोडं पाणी समुद्रात ओततात. डिसेंबरात जी खाडी खारी आणि निळी दिसते तीच जुलैत तांबडी आणि जवळपास गोडी होते. शेवाळाच्या दृष्टीने हे विष. क्षारता उतरली किंवा पाणी फार तापलं की फांद्या पांढऱ्या पडून गळतात. शेवाळ शेतकरी या रोगाला ‘आइस-आइस’ म्हणतात.

पाल्कच्या सामुद्रधुनीत परिस्थिती वेगळी. तो भाग श्रीलंकेच्या आडोशाला आहे, भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो आणि वाईट दिवस येतात ते ईशान्य मोसमी पावसाचे, ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे तिकडचं वेळापत्रक आणि तिकडचा तराफा जसाच्या तसा कोकणात आणून चालणार नाही. कोकणाला ऑक्टोबर ते मे असे आठ महिने मिळतात. ४५ दिवसांचं एक पीक धरलं तर कागदावर पाच पिकं होतात. पण ऑक्टोबरात बियाणं आणून वाढवण्यात आणि मेच्या उन्हात तापलेल्या पाण्यात काही काळ जातो. पावसाळ्यात बियाणं कुठे जपायचं हा प्रश्न वेगळाच. टाक्यांत जपावं लागेल किंवा दरवर्षी दुसऱ्या किनाऱ्यावरून आणावं लागेल. म्हणून कोकणचा जागा-निवडीचा नकाशा हा एक नकाशा असू शकत नाही. तो महिन्यागणिक वेगळा हवा; किमान हिवाळ्याचा, उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा असे तीन तरी नकाशे हवेत. वर्षाच्या सरासरीवर काढलेला नकाशा इथे चक्क फसवा ठरतो, कारण सरासरीत जुलै आणि जानेवारी एकमेकांना झाकून टाकतात.

कोकणात या कामाला आधार देतील अशा संस्था आहेत. रत्नागिरीत १९५८ पासूनचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. रत्नागिरी जिल्ह्यात ‘उमेद’ अभियानातल्या बचत गटांच्या स्त्रियांनी शेवाळ लागवडीचे प्रयोगही केले आहेत. देशपातळीवर कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने किनारी राज्यांतून तीनशेहून अधिक जागा अक्षांश-रेखांशांसह नोंदवल्या. त्यांचं एकूण क्षेत्र सुमारे २४ हजार हेक्टर. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले आणि २०२५ पर्यंत ११ लाख टनांहून अधिक उत्पादनाचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. जुलै २०२४ मध्ये नीती आयोगाने शेवाळाच्या मूल्यसाखळीवर स्वतंत्र अहवाल काढला. हेतू चांगला आहे. मात्र उद्दिष्ट टनांत आधी ठरलं की जागा घाईत निवडल्या जातात, आणि समुद्रात घाईची किंमत तराफा टाकणारा देतो.

मालवणचं उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण तिथे सगळे थर एकमेकांवर येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कुरटे बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट निवडलं त्यामागे हीच रांग होती; वाट माहीत नसलेलं जहाज तिथे फुटतं. त्याच खडकांमुळे आतल्या पाण्याला आडोसा मिळतो, तळ स्वच्छ आहे, पाणी पारदर्शक आहे. फक्त वजनांची पायरी चालवली तर संगणक हा भाग गडद हिरवा रंगवेल. पण चाळणी आधी लावली तर चित्र बदलतं. इथे १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. खडकांवर प्रवाळ आहेत. स्कूबा आणि किल्ल्याच्या होड्यांची वर्दळ आहे. आणि किनाऱ्यावर रापण ओढली जाते. रापणीचं जाळं होडीने अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकं वाळूवरून माणसं ओढतात. तिला समोरचं पाणी मोकळं लागतं. मधे एक तराफा आला तरी जाळं फाटतं आणि वीस-पंचवीस घरांची त्या दिवसाची मासळी जाते. रापणीच्या जागा कुठल्याही उपग्रहाला दिसत नाहीत. त्या रापणकरांच्या तोंडी असतात, कोणत्या संघाने कुठे ओढायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं.

हा थर नकाशात नसेल तर नकाशा अपुरा आहे, मग त्यामागचं गणित कितीही बिनचूक असो. हे काम अवघडही नाही. मोठ्या कागदावर किनारा छापायचा, मच्छीमार सोसायटीत पसरायचा आणि जुन्या माणसांच्या हातात खडू द्यायचा. कुठे कातळ, कुठे चिखल, मतलई वाऱ्यात कोणतं पाणी शांत असतं, कोणत्या महिन्यात कुठल्या जागी जाळी लागतात, कुठे बायका कालवं-तिसऱ्या काढतात, हे सगळं एका दुपारात उतरतं. मग ते संगणकात घालायचं.

पावलं चुकली तर काय होतं हे तामिळनाडूने अनुभवलं आहे. मन्नारच्या आखातात २१ बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८६ पासूनचं. परदेशी शेवाळ प्रवाळांवर पसरेल या भीतीने तामिळनाडू सरकारने डिसेंबर २००५ मध्ये आदेश काढून लागवड उत्तरेला पाल्कच्या सामुद्रधुनीच्या बाजूला आणि तुतिकोरिनच्या दक्षिणेलाच मर्यादित केली. तरी २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर हे शेवाळ वाढलेलं नोंदवलं. तुटलेला तुकडा प्रवाहाबरोबर जातो आणि जिथे अडकतो तिथे वाढतो. म्हणजे तराफ्याची जागा योग्य आहे का एवढं पाहून भागत नाही; त्या जागेवरून प्रवाह कुठे जातो तेही पाहावं लागतं. मालवणच्या प्रवाळांसाठी हा धडा थेट लागू पडतो. दुसरा धडा तापमानाचा. २०१३ नंतर तिथल्या पाण्याची ऊब वाढली, पीक मोठ्या प्रमाणावर मेलं आणि सुक्या शेवाळाचं उत्पादन कोसळलं. जागा तीच होती. काल योग्य असलेली जागा आज राहिली नव्हती.

आफ्रिकेच्या पूर्वेला झांझिबार बेटावर १९८९ पासून शेवाळ शेती आहे आणि ती मुख्यतः बायका करतात. ओहोटीला चालत जाऊन उथळ पाण्यात खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या बांधायच्या. उथळ पाणी तापू लागलं तशी महागडी जात तिथे मरू लागली. चांगली जागा खोल पाण्याकडे सरकली, आणि बऱ्याच बायकांना पोहता येत नव्हतं. तिथे मग पोहणं आणि होडी चालवणं शिकवणं हाही शेतीचा भाग झाला. कोकणात बचत गटांच्या स्त्रियांना ही शेती द्यायची असेल तर ‘पाण्याची खोली’ या थराशेजारी ‘काम कोण करणार’ हाही थर हवा.

म्हणून नकाशाने हिरव्या दाखवलेल्या जागेवर कर्ज काढून शंभर तराफे टाकू नयेत. आधी चार-पाच तराफे, ऑक्टोबर ते मे, दर आठवड्याला क्षारता, तापमान आणि सेक्की तबकडीची नोंद. किती तराफे तुटले, किती शेवाळ माशांनी खाल्लं, वजन किती वाढलं. एक पूर्ण हंगाम असा गेल्यावरच आकडे पुढे बोलतात. परदेशी जातीसोबत कोकणच्या खडकांवरच्या स्थानिक शेवाळांचाही याच वेळी प्रयोग व्हायला हवा. ती तुटून वाहून गेली तरी ती इथलीच असतात. आणि समुद्राला सातबारा नाही. बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी किनारपट्टी नियमन क्षेत्रात येतं, मासेमारीचे नियम राज्याचे. कुणाला किती पाणी, किती वर्षांसाठी आणि कोणाच्या संमतीने द्यायचं, हे जागा ठरवण्याआधी लिखित ठरावं. नाहीतर सगळ्यात चांगली खाच सगळ्यात आधी मोठ्या भांडवलाच्या हाती जाईल.

राज्याने एक गोष्ट लगेच करावी. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी महिनावार नकाशे तयार करावेत, ते मराठीत छापावेत आणि प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावेत, वजनं कशी दिली त्याच्या तक्त्यासह. हरकती घ्यायला एक पूर्ण हंगाम द्यावा.

या कामात हात लावायला समुद्रकाठी राहावंच लागतं असं नाही. नकाशे करण्याचं ‘क्यूजीआयएस’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात. सोनपेठच्या महाविद्यालयात भूगोल शिकणारी एखादी मुलगी आज संध्याकाळी देवगडच्या खाडीचं जानेवारीचं आणि ऑक्टोबरचं चित्र शेजारी-शेजारी ठेवून गढूळ पाणी कुठवर जातं ते पाहू शकते. तिच्या गावच्या सोयाबीनचं चित्रही तेच उपग्रह घेतात, दर पाच दिवसांनी.